पेटीवाल्याच्या आईसाठी

लोणावळ्याच्या दमट हवेत पायपेटीचे सूर बसतात. पट्टी दाबली तरी आवाज येत नाही, किंवा आलेला आवाज थांबत नाही. त्यावर मी माझ्यापुरता एक उपाय काढला होता. रविवारी उपासनेच्या बऱ्याच आधी मी देवळात जाई, पेटीची मागची फळी काढी आणि वात अगदी बारीक करून एक पेटता कंदील आत ठेवून देई. कंदील रेल्वेच्या बत्तीघरातला असे, कारण तेव्हा मी तिथं कामाला होतो. हळूहळू आतलं लाकूड ऊब धरी, आणि भात्याच्या चामड्याचा, रॉकेलचा आणि जुन्या लाकडाचा मिळून एक वास देवळात पसरे. अजून कुठं बंद खोलीत कंदील लावला की तो वास येतो आणि मला वाटतं, आता माणसं येतील, घोंगड्या झटकून दाराशी ठेवतील, आणि पाळकसाहेब चष्मा पुसत पुढं येतील.

देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ. रुळांच्या पलीकडं, चढावर, काळ्या दगडाचं, बैठं. त्यांची माणसंही त्याला देऊळच म्हणत. मी कुसगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. तरुणपणापासून केस पिकू लागेपर्यंत मी तिथं पेटी वाजवली आणि ख्रिस्ती झालो नाही. का झालो नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं. मी एक उत्तर दिलं होतं. ते खोटं होतं, आणि ते मी माझ्या आईच्या नावावर घातलं होतं.

सुरुवात मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीपासून आहे. त्या साथीत माझे वडील गेले. आई आणि मी एकाच घोंगडीवर तापानं पडलो होतो. कुसगावात घराघरात तीच गत, कोण कुणाकडं बघणार? तेव्हा लोणावळ्याहून पाळकसाहेब आणि त्यांची बायको चालत आली, हातात पेजेचं भांडं घेऊन. त्या बाईंना सगळे माई म्हणत. माईंनी आमच्या चुलीत जाळ केला, पेज ऊन केली आणि आधी मला पाजली, मग आईला. कुणाच्या हातचं खावं, कुणाच्या हातचं खाऊ नये, हा विचार त्या काळी आमच्या घरात होताच. आई नंतर सांगायची की तिला तो आठवला, पण गिळून झाल्यावर.

आम्ही दोघं वाचलो. मग माईंनी मला त्यांच्या शाळेत घातलं. आईची आणि माईंची त्यातून मैत्री जमली. आई बाजाराच्या दिवशी तांदूळ घेऊन लोणावळ्याला येई, आणि विकून झाला की थेट पाळकसाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसे. दोघी मिळून माईंचे तांदूळ निवडत. चहा बशीतून पीत. आईला आमच्या भावकीत फारसं कुणी विचारत नसे. विधवा बाई, त्यातून तोंडानं फटकळ. माईंपाशी ती हसे. मी शाळेच्या खिडकीतून तिचं हसणं ऐकायचो. घरी ती इतकं हसत नसे.

पेटी मला माईंनीच शिकवली. गावच्या भजनात मी टाळ वाजवीत असे, त्यामुळं ठेक्याची समज होती. सूर माईंनी बोट धरून दाखवले. त्यांच्या बोटांना संधिवातानं वाक आला तेव्हा त्या बाकावरून उठल्या आणि मी बसलो. त्यात ठरवून काही झालं नाही. एका रविवारी त्यांना जमेना, आणि त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

त्या रविवारांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. खंडाळ्याकडून मालगाडी चढू लागली की मागच्या ढकलत्या इंजिनाचा इतका आवाज व्हायचा की पाळकसाहेब बोलता बोलता थांबत. वाक्य तोंडात धरून, डोळे मिटून उभे राहत. गाडी गेली की तिथूनच पुढं बोलत. पुढं घाटात विजेची इंजिनं आली, आवाज गेला, तरी साधारण त्या वेळेला ते थांबतच राहिले. डोळे मिटत, थोडा वेळ उभे राहत आणि पुढं बोलत. मुलं हसत. साहेबांना ते ठाऊकही नसावं. नाताळला माई आमच्या घरी करंज्यांचा डबा पाठवीत, आणि दिवाळीला आई त्यांच्या घरी आंबेमोहोराचे नवे तांदूळ देई. भात शिजू लागला की पाळकसाहेब अभ्यासाच्या खोलीतून म्हणत, कुसगावकरीण येऊन गेली वाटतं.

गावात मला पाद्र्याचा पेटीवाला म्हणत. देवळात मला पेटीवाला एवढंच म्हणत. दोन्हीकडं मला बसायला जागा होती आणि कुणी फार खोलात विचारत नव्हतं. मला वाटलं, हे असंच चालेल.

पण बुधवार होते. बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असे. रविवारपेक्षा ती घरगुती. आधी एकेकानं उठून साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बोलावलं ते सांगायचं. मग ज्याची जी अडचण असेल ती सांगायची, आणि पाळकसाहेब प्रत्येकाचं नाव घेऊन त्यासाठी मागणं करायचे. कुणाच्या मुलाचा खोकला, कुणाची बदली. मी हातपेटी घेऊन कोपऱ्यात बसे. माझी पाळी कधी येत नसे, कारण मी बाहेरचा.

एका बुधवारी प्रार्थना रेल्वेच्या चाळीत होती, फिटरमामांच्या खोलीत. फिटरमामा इंजिनशेडमध्ये होते, नगरकडचे, मोठ्या आवाजाचे आणि मायाळू. ते मला नेहमी चिडवत. त्या दिवशीही सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे पेटीवाल्या, आम्हां सगळ्यांना तू शिट्टी वाजवून गाडीत चढवतोस. आणि स्वतः फलाटावर उभा. तुझं तिकीट कुठं हरवलंय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग हसणं थांबलं आणि माझ्या लक्षात आलं की ते थांबले आहेत ते माझ्यासाठी. माई समोरच बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर इतकी आशा होती की मला मान वर करवेना. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पेटीच्या भात्यावरचा हात काढला आणि म्हणालो, "आई नको म्हणते."

पुढं काही बोलायची गरजच पडली नाही. सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. फिटरमामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माई म्हणाल्या, मला वाटलंच होतं, आईचं मन मोडवत नाही ना. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि त्यांच्या त्या सावकाश, शुद्ध मराठीत मागितलं की हे प्रभू, आमच्या पेटीवाल्याच्या आईसाठी आम्ही विनंती करतो, तिचं कठीण झालेलं मन तू मऊ कर. सगळे आमेन म्हणाले. मग त्यांनी गाणं सांगितलं, आणि ते मी वाजवलं.

त्यानंतर दर बुधवारी ते मागणं होऊ लागलं. आजाऱ्यांच्या नंतर आणि प्रवासात असलेल्यांच्या आधी, अशी त्याची जागा ठरून गेली. पेटीवाल्याच्या आईसाठी. किती वर्षं ते चाललं ते मी मोजत नाही.

आणि आईनं मला कधीही नको म्हटलं नव्हतं. उलट एकदा भात लावताना, चिखलात वाकलेली असताना, तिनंच विषय काढला होता. म्हणाली होती, "तुझ्या मनात तिकडं जायाचं आसंल तर जा बाबा. त्या बाईनं पेज पाजली म्हनून तू हाईस. तिच्या देवाला मी नावं ठिवीन व्हय? मला फकस्त आदी सांग, भावकी भांडाया आली तर मला ठावं पायजे." मी वाकून रोप लावत राहिलो होतो. तिनं दुसरी जुडी सोडली आणि पुढं लावू लागली.

हे खोटं आईपर्यंत पोचलं ते भात झोडणीच्या दिवसांत. माई स्वतः चालत कुसगावला आल्या. आई खळ्यावर होती, मी पेंढ्या बांधत होतो. माईंनी आईचे दोन्ही हात हातांत घेतले. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. त्या म्हणाल्या की तुमच्या मनाची मला जाण आहे, एकुलता मुलगा आहे, माझा तुमच्यावर रोष नाही. फक्त एवढंच सांगायला आले की तो आमचा झाला तरी तुमचाच राहील, तुम्ही त्याला अडवू नका.

आईनं माईंच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात पेंढी बांधायचा, पेंढा पिळून केलेला वेठ होता. मी तो पिळत राहिलो. वेठ तुटला.

आई म्हणाली, "व्हय बाई. मीच नगं म्हनते. मी हाय तवर न्हाई."

माईंनी तिचे हात हळूच सोडले. आईनं त्यांना तांदूळ दिले, नेहमीपेक्षा जास्त दिले. माई गेल्यावर ती पुन्हा झोडणीला लागली. पेंढ्या आपटता आपटताच म्हणाली, "मला इचारायचं तरी. खोटं बोलायचं तर दोगांनी मिळून बोलावं लागतं. मी दुसरंच कायतरी बोलले आसते म्हंजी?"

मी पुढची पेंढी तिच्या हातात दिली.

"मंग खरं काय हाय?"

तेही मला सांगता आलं नाही. ती पेंढी उलटी करत म्हणाली, "बरं."

पुढं जे झालं ते मी घडवलं, पण ते मला दिसायला फार उशीर लागला. आईनं पाळकसाहेबांच्या ओसरीवर जाणं सोडलं. बाजाराला येई, तांदूळ विकी, आणि सरळ कुसगावच्या वाटेला लागे. मी विचारलं तर म्हणे, पाय दुखत्यात, उशीर झाला, म्हशीला कोन बघनार. एकदा बाजारात फिटरमामांच्या बायकोनं तिला पाहून तोंड फिरवलं. ते मी पाहिलं. आईनंही पाहिलं, आणि तिनं तांदळाचा भाव सांगायला सुरुवात केली, समोर गिऱ्हाईक नसताना.

एकदाच तिनं मला कारण सांगितलं. नाताळचा डबा आला होता. करंजी मोडून माझ्या बायकोच्या आणि पोरांच्या हातावर ठेवत ती म्हणाली, "जाऊन बसले तर ती इचारनार. तिनं इचारल्यावर माज्या तोंडातून खोटं किती येळा निगंल? एकदा निगालं, झालं. त्यापरीस न गेलेलं बरं." मग करंजीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, गूळ जास्त झाला यंदा.

आमच्या फटकळ आईची आयुष्यात एकच मैत्रीण होती. ती मी काढून घेतली. आणि दर बुधवारी तिच्या कठीण मनासाठी प्रार्थना होत होती, आणि मी पेटी धरून बसलो होतो.

माझ्या बायकोचं या सगळ्यावर काय मत आहे हे कुणी विचारलं नाही. त्या काळी विचारत नसत. मीही विचारलं नाही, आणि तेही इथं लिहून ठेवतो.

आई थकून थकून वारली. आजार असा नव्हता. माई आल्या होत्या, पण तोवर त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. फिटरमामा हात धरून घेऊन आले. त्या आईच्या पायांशी बसल्या आणि त्यांनी मनातल्या मनात काही म्हटलं. तेराव्यापर्यंत मी देवळात गेलो नाही. मग गेलो. बाकावर बसलो, तर लोक माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहत होते. कुणी तसं बोललं नाही, ती माणसं सभ्य होती. पण मी हाय तवर न्हाई, हे आईचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं. आता ती नव्हती.

नाताळ जवळ आला. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मला घरी बोलावलं. ओसरीवर माई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक पांढरा सदरा होता. डोळ्यांनी दिसत नसताना त्यांनी तो हातानं शिवला होता, बाप्तिस्म्यासाठी. टाके वाकडेतिकडे होते. मला तो अंगावर धरून पाहायला सांगितलं. मी हात पुढं केला नाही.

फिटरमामाही होते. ते म्हणाले, "काय रे, आता तर तिकीट मिळालं."

मी म्हणालो, "माई, आई कधीच नको म्हणाली नव्हती."

सांगायला सुरुवात केल्यावर मी थांबलो नाही. चाळीतला बुधवार, खळ्यावरचा वेठ, करंजी, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "मग खरं कारण काय होतं?"

ते मी त्यांना सांगितलं, आणि जसं सांगितलं तसंच इथं लिहितो. म्हणालो की तुम्ही सगळे उठून साक्ष देता. फिटरमामांना प्रभूनं इंजिनाखाली हाक मारली. माईंना लहानपणी विहिरीवर. मी सगळ्यांच्या साक्षी ऐकल्या आहेत, आणि मला त्या खऱ्या वाटतात. मीही वाट पाहिली. कंदील पेटीत ठेवून एकटा देवळात बसायचो तेव्हा कान देऊन बसायचो. मला तुमची माया दिसली, गाणी आवडली. इथं बसलो की बरं वाटायचं. पण हाक आली नाही. आली असं मी म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मानलं असतं, आणि म्हणूनच मला ते म्हणता येईना.

"मग तू गावच्या भैरोबाला मानतोस?" फिटरमामांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"पालखीला आमच्या घराचा खांदा असतो, तो देतो. भैरोबानंही कधी हाक मारली नाही, मामा."

ते किंचित हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ आले आणि अगदी हळू बोलले. म्हणाले, "हाकेचं राहू दे. आईच्या बाबतीत तू जे केलंस ते तुला टोचतं. तेच घेऊन ये. माणसाला जे उचलत नाही तेच उचलायला तो वधस्तंभावर गेला. ते ओझं त्यानं आधीच उचललं आहे, मुला. तू फक्त खाली ठेव."

इतक्या प्रेमानं माझ्याशी फार थोडी माणसं बोलली आहेत. ठेवावं असं मला वाटलं. तो सदरा समोर होता.

मी म्हणालो, "साहेब, मला जमत नाही ते हेच. क्षमा करायची तर ती आईनं करायची होती. मी तिला विचारलं नाही, आणि ती गेली. आता ते दुसऱ्या कुणी उचललं, तर तिच्यात आणि माझ्यात काय राहिलं? ते माझ्यापाशीच राहू द्या."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हाकेचं हे तू त्याच बुधवारी सांगितलं असतंस, तरी मी तुला पेटीवरून उठवलं नसतं."

"मला ते ठाऊक होतं," मी म्हणालो. तेही खरंच होतं. मला हाकलतील याची भीती मला कधीच नव्हती. माईंचा चेहरा पडलेला मला पाहायचा नव्हता. एवढ्याचसाठी मी आईला पुढं केलं.

माई इतका वेळ सदऱ्याच्या शिवणीवरून बोट फिरवत होत्या. त्यांनी माझ्या ख्रिस्ती होण्याविषयी एक शब्द काढला नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तिनं मला टाकलं. धर्मासाठी टाकलं. मी देवाला म्हणत होते, तिचं मन मऊ कर. आणि मला खोटं सांगावं लागू नये म्हणून ती येत नव्हती." मग त्यांनी विचारलं, "करंज्या खात होती का रे ती?"

"खात होती. एक वर्ष गूळ जास्त झाला म्हणाली."

"झालाच होता," माई म्हणाल्या. मग त्यांनी सदरा घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांनी आता दुसरा होणार नाही. बाजाराला घालून जा."

पुढच्या बुधवारी जावं की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी फिटरमामाच पार्सल हापिसाच्या दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा मी तिथं कारकून झालो होतो. म्हणाले, "चल. फलाटावर कुणीतरी शिट्टी वाजवायला हवाच." आणि हातपेटी स्वतः उचलून चालू लागले.

प्रार्थना पाळकसाहेबांच्याच घरी होती. साक्षी झाल्या. मग मागणं सुरू झालं. आजाऱ्यांची नावं झाली. त्यानंतर पाळकसाहेबांच्या जिभेला जी जागा इतक्या वर्षांची सवयीची होती तिथं ते आले, आणि थांबले. मालगाडीसाठी थांबत तसे, वाक्य तोंडात धरून, डोळे मिटून. माई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या मैत्रिणीसाठी. तिच्याबद्दल आभार."

सगळे आमेन म्हणाले. मी नेहमी गप्प बसत असे. त्या दिवशी मीही म्हणालो, कारण ते मला म्हणता येण्यासारखं होतं. मग पाळकसाहेब प्रवासात असलेल्यांकडं वळले, आणि मी भात्यावर हात ठेवला.